आबा आडनाव विचारत नाहीत

सातपूर, १२ जानेवारी

प्रफुल्ल,

जय भीम. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेज केला की दोन निळ्या रेघा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून पत्र. पत्राला मीटिंग नसते. वाचायचं तर वाच, नाहीतर आयुषला विमान करायला दे. तुझा मुलगा अजून कागदाची विमानं करतो का, हेही मला माहीत नाही.

फक्त बिल्डिंगच्या बातम्या देते. बाकीचे विषय आपल्याकडे तीन वर्षांपासून बंद आहेत.

सिंहस्थाच्या कामांत आपल्यासमोरचा रस्ता झाला. झाला म्हणजे जुन्यावरच नवा थर चढवला. रस्ता वीतभर वर आला आणि आपले चारही गाळे वीतभर खाली गेले. बारकू पंक्चरवाला म्हणाला, "काका, आधी गिऱ्हाईक दुकानात चढायचं, आता उतरतं." मग त्याने चार नंबरचा गाळा सोडला आणि हरसूलला बाजाराच्या रस्त्यावर टपरी टाकली.

आबांनी ते मनावर घेतलंय. चार नंबरची फरशी उखडली, भराव टाकला, कोबा केला, वर टाइल्स बसवल्या. शटर खालून कापून घेतलं. वरच्या खोलीच्या मोरीतून गाळ्यात गळायचं, ती मोरी फोडून नव्याने केली. थ्री-फेजचा मीटर घेतला. गवंडी म्हणतो, "बसली फरशी." आबा पाण्याची नळी लावून म्हणतात, "दोन सूत कमी हाय." गवंडी माझ्याकडे बघतो, मी दुसरीकडे बघते. आई म्हणते, "कारखान्यातून निवृत्त झाले, लेथवरून काही उतरले नाहीत."

आता भाडेकरू हवा. गोविंद नावाचा नवा एजंट धरलाय. माणूस बोलघेवडा आहे, पण गिऱ्हाईक आणतो. त्याला आपल्याकडची पद्धत अजून पचलेली नाही. बाकीच्या मालकांचा पहिला प्रश्न असतो, "पूर्ण नाव?" आबांचा पहिला प्रश्न असतो, "पाणी किती लागंल?" मग वास येतो का, आवाज होतो का, शटर किती वाजता उघडणार. आडनाव नाही.

तुला हे नवीन नाही, पण विसरायला भरपूर वेळ मिळालाय, म्हणून लिहिते. आबा-आई सिन्नरकडून इथे आले तेव्हा खोली शोधत फिरले. प्रत्येक दारात पूर्ण नाव विचारलं गेलं, आणि ‘पगारे’ म्हटल्यावर प्रत्येक दारातली खोली नुकतीच गेलेली निघाली. आबांनी तेव्हाच ठरवलं, आपल्या भिंती उभ्या राहिल्या की हा प्रश्न आपल्या तोंडून जाणार नाही. अजून गेलेला नाही.

त्यापायी काय काय झालं ते आठवतंय ना? एकदा पोलीस कुणा बागुलांना शोधत आले, घरच्यांनी हरवल्याची तक्रार दिली होती. आबांनी छातीठोकपणे सांगितलं, असा माणूस इथे राहत नाही. तो दुसऱ्या मजल्यावर सहा वर्षं राहत होता. आपण त्याला रंगवाला म्हणायचो. आता अग्रीमेंट ऑनलाइन असतं, त्यात पूर्ण नाव येतंच. त्यावर आबांचा तोडगा असा, की गोविंदने लॅपटॉप समोर धरला की ते चष्मा काढून खिशात ठेवतात आणि मग अंगठा देतात. गोविंदला वाटतं, म्हाताऱ्याचा चष्मा लांबचा आहे.

हेच आबा तुझ्या पुण्याच्या नव्या फ्लॅटच्या दारावर ‘नाशिककर’ वाचून पेढ्यांचा पुडा घेऊन आल्यापावली परत आले. बेलसुद्धा वाजवली नाही. पाटीवर एवढा एकच शब्द होता. साऱ्या जगाचं आडनाव चालतं, फक्त तुझं चालत नाही. हे मी घरात एकदा बोलून दाखवलं, तर आठ दिवस माझ्याशी अबोला.

मलाही तुझा राग आहे, पण आडनावाचा नाही. शाळेत स्टाफरूममध्ये नवीन कुणी आलं आणि मी ‘स्नेहा पगारे’ म्हटलं की समोरचा जरासा थांबतो, मग "अच्छा" म्हणतो. ते थांबणं मला वीस वर्षांत सवयीचं झालं नाही. आयुषच्या वाट्याला ते नको म्हणून तू गॅझेटात नाव बदललंस, हे मला न सांगता कळतं. पण तू सांगितलंच नाहीस. आम्ही पाटी वाचली. त्याचा राग आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

स्नेहाताई


सातपूर, ९ फेब्रुवारी

प्रफुल्ल,

उत्तर नाही. विमान झालं असावं.

तुझी नोकरी नोव्हेंबरातच गेली, हे मला पायलने सांगितलं. बायकोवर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं. कारखान्यांतली मोजमापाची यंत्रं तपासून द्यायची लॅब तू काढणार आहेस, नाशिकलाच काढणार आहेस, आणि त्यासाठी अंबडला गाळे बघत फिरतोयस, तेही कळलं. सातपूरहून अंबड किती लांब आहे रे? तू शेजारच्या वसाहतीत येऊन जातोस आणि आईला चेहरा दाखवत नाहीस.

हे मला पायलकडून कळलं नसतं तरी गोविंदकडून कळलंच असतं. गुरुवारी संध्याकाळी तो आला होता. आबा, मी आणि तो गाळ्यासमोर खुर्च्या टाकून बसलो होतो. धंद्यातल्या गमती सांगायची त्याला हौस आहे. म्हणाला, "काका, कालच एक पार्टी फिरवली. पुण्याचे नाशिककर म्हणून. चांगला शिकलेला माणूस. अंबडच्या मालकाला एकदम पसंत. चहा मागवला, डिपॉझिटचं बोलणं झालं. मग मालक विचारतो, नाशिककर म्हणजे मूळचे कोण? गाव झालं हे, आडनाव काय?"

आबा चहा ढवळत होते. "मग?"

"मग काय, हा म्हणाला, मूळचं पगारे. शांतपणे म्हणाला, पाणी मागावं तसं. मी त्याला खुणावत होतो, सांग काहीही, देशमुख सांग. पगारे म्हटल्यावर मालकाने कपातला चहा तसाच ठेवला आणि कळवतो म्हणाला. आता हे लोक..."

इथे त्याला आठवलं की आपलं अग्रीमेंट तोच करतो आणि मालकाच्या रकान्यात काय लिहितो. त्याने जीभ चावली. "म्हणजे, काका, मालक लोक असतात ना, त्यांचं म्हणतोय मी."

आबांनी एवढंच विचारलं, "खोटं नाय बोलला?"

"नाही ना. तेच तर चुकलं त्याचं."

आबा चहा प्यायले नाहीत. मला तुझी इतकी आठवण आली की मी उठून आत गेले आणि उगाच भांडी लावत बसले. त्या अंबडच्या मालकाचा राग आला, गोविंदचा आला, तुझाही आला. एवढं सगळं करून शेवटी तू खरं सांगितलंस. मग आमच्याशी काय वैर होतं?

आता कामाचं सांगते. चार नंबर रिकामा आहे. फरशी सपाट आहे, दोन सूतही इकडेतिकडे नाही. थ्री-फेज आहे. गळत नाही. तुझ्या यंत्रांना धूळ चालत नाही म्हणतात, तर पुढे काचेची भिंत घालून घेता येईल, ती भाडेकरूने स्वखर्चाने घालायची असते. आबा कुणाला आडनाव विचारत नाहीत. गोविंदबरोबर ये, भाडेकरू म्हणून ये. मुलगा म्हणून यायचं ते नंतर बघू.

स्नेहाताई


सातपूर, २ मार्च

प्रफुल्ल,

तीन वर्षांत तुझा पहिला मेसेज आला आणि तो असा: "आबांना सांगितलंस?"

नाही सांगितलं. सांगितलं तर ते ‘नाही’ म्हणतील आणि मग त्यांना ‘हो’ म्हणायला जागा उरणार नाही. तू त्यांना ओळखत नाहीस का? त्यांच्याशी घरातली माणसं म्हणून बोललं की ते चिडतात. मालक म्हणून बोललं की ते जगातले सगळ्यात न्यायी गृहस्थ असतात. म्हणून मालकाशीच बोलायचं.

आता घाई का, ते ऐक. एका इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमवाल्यांना तीन आणि चार असे दोन्ही गाळे हवेत. मधली भिंत पाडायची, पुढे काच, वर झगमगाट. भाडं असं सांगितलं की गोविंदने ते दोनदा म्हणून दाखवलं. त्यांचं म्हणणं, पुढच्या रविवारपर्यंत हो किंवा नाही सांगा.

तीन नंबरमध्ये लताबाईंची खानावळ आहे. कंपनीतली एकटी पोरं दोन्ही वेळ तिथेच जेवतात. भिंत पडली की लताबाईंनी जायचं कुठे? त्यांनी आबांना काही विचारलं नाही, फक्त दोन दिवस झाले भाजी जास्त पाठवतायत. आई म्हणते, "ही वांगी नाहीत, हा अर्ज आहे."

आबा गोविंदला म्हणाले, "विचार करतो." तुला माहीतच आहे, ते विचार करतो म्हणाले की अर्धं ठरलेलं असतं. पोरगा गेला, पोरगी शाळेत, बिल्डिंग कुणासाठी राखायची, असं परवा आईशी बोलताना मी ऐकलं. चार नंबर गेला तर पुन्हा रिकामा व्हायला दहा वर्षं लागतील. तोवर मी तुला पत्रं लिहीत बसणार नाही. हे स्पष्ट सांगते. मला थकवा आलाय, प्रफुल्ल. दोन माणसांच्या मध्ये उभं राहून दोघांचे अबोले सांभाळायचे, हे काम मला कुणी पगारावर दिलेलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ये. गोविंदला मी कळवलंय, "ते पुण्याचे नाशिककर अजून गाळा शोधतायत का बघा." त्याला संशय आलेला नाही. आपल्या गावात पगारे घरोघरी आहेत.

स्नेहाताई


सातपूर, १० मार्च

प्रफुल्ल,

आला नाहीस.

सकाळी आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. गोविंद शनिवारी एवढंच म्हणून गेला होता, "उद्या ते पुण्याचे नाशिककर येतील." आबा फक्त "बरं" म्हणाले होते. रविवारी ते चार नंबरचं शटर उघडून बाहेर खुर्ची टाकून बसले. ऊन आलं तशी खुर्ची मागे घेतली. पुन्हा ऊन आलं, पुन्हा मागे घेतली. शेवटी खुर्ची गाळ्यात गेली. दुपारी आई जेवायला बोलवायला गेली तर म्हणाले, "भूक नाय."

गोविंदने तुला फोन केले, तू उचलले नाहीस. तो बिचारा माझी माफी मागत होता.

संध्याकाळी शोरूमचा माणूस आला. आबांनी त्याला सांगितलं, "आठ दिवस थांबा. टाइल्सखालचं सिमेंट अजून ओलं हाय." टाइल्स बसून दोन महिने झाले. आबा उभ्या जन्मात माझ्यादेखत पहिल्यांदा खोटं बोलले, आणि ते तुझ्यासाठी बोलले. याच्यावर तुला काय वाटायचं ते वाटो.

मी आता काही सुचवणार नाही. आठ दिवस आहेत.

स्नेहा


सातपूर, २० मार्च

प्रफुल्ल,

शनिवारी तू आलास तेव्हा मी जिन्यात होते. मुद्दामच खाली आले नाही. तुला जे दिसलं ते सोडून बाकीचं सांगते. तू मंगळवारी गोविंदबरोबर परस्पर नाशिकरोडला जाऊन अग्रीमेंटला तुझा अंगठा दिलास आणि पुण्याला निघून गेलास, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही.

तुझी मुलाखत चालू होती तेव्हा आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती. "तुमची माणसं किती?" "दोन, आणि मी." "आवाज?" "नाही." "पाणी?" "हात धुण्यापुरतं." आबा तुला अहो-जाहो करत होते आणि तू खालमानेने उत्तरं देत होतास. आईने चहा आणून दिला आणि म्हणाली, "साखर कमी टाकली, तुम्हाला चालती ना?" गोविंदसमोर तिने तेवढं निभावलं. आत येऊन ओट्याला टेकून हसत सुटली. मग हसता हसता जे सुरू झालं ते लवकर थांबलं नाही. मी तिला थांबवलंही नाही.

तू गेल्यावर आबांनी गोविंदला सांगितलं, "यांना देऊन टाका. शोरूमवाल्यांना नाय म्हणा." गोविंद कळवळला. "काका, भाड्यात केवढा फरक आहे." आबा म्हणाले, "खानावळ हलवायची नाय मला." कारण ते खरंच होतं, पण एवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. लताबाईंकडून त्या दिवशी पुरणपोळ्या आल्या.

बुधवारी गोविंद लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. टेबलावर मांडलं. "काका, तुमचा अंगठा झाला की झालं सगळं." मी शेजारी उभी होते. आबांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. आणि परत घातला.

मग स्क्रीनवर बोट ठेवून हळूहळू वाचायला लागले. मालक: सहादू पुंजा पगारे. हे त्यांनी मान डोलावून मान्य केलं. बोट खाली आलं. भाडेकरू: प्रफुल्ल सहादू नाशिककर.

बोट मधल्या शब्दावर थांबलं.

"हे कसं राह्यलं?" आबांनी विचारलं.

"काय, काका?"

"मधलं."

"वडलांचं नाव आहे ते."

"ते कळतंय मला. बदलता येत नाय का?"

"येतं की," गोविंद म्हणाला. त्याला वाटलं, आबा कायदा विचारतायत. "गॅझेटात एकदा अर्ज केला की सगळंच बदलता येतं. कुणी आईचं लावतं, कुणी मधलं सोडूनच देतं. ह्यांनी आडनावच बदललंय, बाकी आहे तसं ठेवलंय." मग त्याने वरची ओळ बघितली, खालची बघितली, आबांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

प्रफुल्ल, मला हे कधी सुचलंच नव्हतं. तीन वर्षं मी तुझी बाजू मांडली, भांडले, रुसले, पण ‘त्याने तुमचं नाव काढलेलं नाही’ एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून गेलं नाही. आणि आबांना तर वाटत होतं की त्या पाटीवर जे नाही ते कुठेच नाही. तूही कधी सांगितलं नाहीस. आपल्या घरात सगळे मुके जन्माला आलेत की काय, देव जाणे. देव म्हटलं म्हणून आबांना सांगू नकोस.

आबांनी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. लेथवर काम करून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा पार झिजल्यात, त्यामुळे हे दर वेळी होतं. दर वेळी आबा यंत्राला शिव्या घालतात आणि तिसऱ्या खेपेला उठून जातात. या खेपेला हात धुऊन आले. पुसला, ठेवला. नाही. आईने खोबरेल दिलं, ते लावून बघितलं. नाही. डावा ठेवला. नाही. गोविंद म्हणाला, "काका, राहू द्या, उद्या येतो. बॅटरीही संपत आली."

"उद्या नाय. चार्जिंगला लाव. मी बसतो हितंच."

आणि बसले. गोविंदला आईने जेवायला वाढलं. तो जेवत असताना आबा अंगठा मांडीवर घासत होते. मग मला म्हणाले, "पोराचं पूर्ण नाव काय लावतात?"

मला आधी कळलंच नाही. या माणसाच्या तोंडून हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही.

"कुणाचं?"

"आयुषचं. शाळंत काय लावतात?"

मी सांगितलं, आयुष प्रफुल्ल नाशिककर.

आबांनी ते सगळं एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. मग म्हणाले, "लांब हाय. पण म्हणता येतं."

स्नेहाताई